हौशी गोल्फपटू पारंगत कसा होतो : सराव, प्रामाणिक नोंद आणि आत्मविश्वासाचे गणित

हूटगळ्ळी (म्हैसूर) : म्हैसूर शहराच्या पश्चिमेस, हुणसूर रस्त्यालगत वसलेली हूटगळ्ळी ही मुख्यतः कारखान्यांची वसाहत आहे. वाहनांच्या ॲक्सलचे उत्पादन येथे होते. हेब्बाळ, मेटगळ्ळी, बेळवाडी हे औद्योगिक पट्टेही जवळच असल्याने अभियंते, तंत्रज्ञ आणि माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील कर्मचाऱ्यांची या भागात मोठी वर्दळ असते. अशा नोकरदारांपैकी जे तिशी-चाळिशीत गोल्फकडे वळतात, त्यांच्यापुढे देशातील प्रत्येक हौशी गोल्फपटूला पडणारा प्रश्न उभा राहतो. आठवड्यातून एक सकाळ, फार तर दोन, एवढाच वेळ हाताशी असताना या खेळात खरोखर प्रावीण्य मिळवता येते का?

अनेकांच्या बाबतीत प्रगती सुरुवातीच्या काही महिन्यांतच अडखळते. नवे क्लब खरेदी होतात, सरावात मारलेल्या चेंडूंची संख्या वाढते, पण १८ होलच्या फेरीतील फटके शंभराच्या खाली येत नाहीत. काही खेळाडू मात्र तेवढ्याच वेळात नव्वदीत, पुढे ऐंशीत पोहोचतात. या फरकामागे शारीरिक क्षमता आणि उपजत कौशल्य यांचा वाटा असतोच. तथापि, मागील चार-पाच दशकांत क्रीडा मानसशास्त्र आणि खेळाच्या सांख्यिकीमध्ये झालेले संशोधन आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधते. खेळाडू सराव कसा करतो आणि स्वतःच्या खेळाची नोंद किती प्रामाणिकपणे ठेवतो, यावर त्याची पुढची वाटचाल बरीच अवलंबून असते. आत्मविश्वास हा या प्रक्रियेचा प्रारंभ नसून तिचे फलित असते.

'हौशी' म्हणजे कच्चा नव्हे

गोल्फमध्ये 'हौशी' हा शब्द कौशल्याचा निर्देश करत नाही. खेळातून बक्षिसाची रक्कम मिळवून उपजीविका करणारा तो व्यावसायिक आणि त्या हेतूने न खेळणारा तो हौशी, असा हा भेद आहे. भारतीय गोल्फच्या इतिहासातील काही मोठी यशे हौशी खेळाडूंच्याच नावावर आहेत. पी. जी. ऊर्फ बिल्लू सेठी यांनी १९६५ मध्ये व्यावसायिकांना मागे टाकून इंडियन ओपन जिंकली, तेव्हा ते हौशी खेळाडू होते. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडा स्पर्धेत लक्ष्मण सिंग यांनी वैयक्तिक सुवर्णपदक मिळवले आणि सांघिक सुवर्णही भारतालाच मिळाले. तो संघही हौशी खेळाडूंचा होता.

या खेळाची भारतातील परंपरा जुनी आहे. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबची स्थापना १८२९ मधील असून ब्रिटिश बेटांबाहेरील तो सर्वांत जुना गोल्फ क्लब मानला जातो. बंगळूर गोल्फ क्लब १८७६ मध्ये सुरू झाला. म्हैसूरमध्ये चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी, रेसकोर्सच्या परिसरात असलेले मैदान जयचामराज वडियार गोल्फ क्लबचे आहे. म्हैसूर संस्थानच्या अखेरच्या महाराजांचे नाव या क्लबला देण्यात आले आहे. हूटगळ्ळीहून तेथे जायचे तर शहर ओलांडून दुसऱ्या टोकाला जावे लागते. आंतरराष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्या प्रणवी उर्स याच शहराच्या. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत अदिती अशोक आणि अवनी प्रशांत यांच्यासमवेत त्या भारतीय महिला संघात होत्या.

महाराष्ट्रातही पुण्यातील येरवड्याचे पूना क्लबचे मैदान, मुंबईतील चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आणि विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब ही या खेळाची परिचित केंद्रे आहेत. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताचे प्रतिनिधित्व करणारे उदयन माने हे पुण्याचे, तर त्याच स्पर्धेत खेळलेले अनिर्बान लाहिरी यांचा जन्मही पुण्यातलाच.

पहिला टप्पा : चेंडू उचलण्याचा मोह

गोल्फचा चेंडू वजनाने ४५.९३ ग्रॅमपेक्षा अधिक आणि व्यासाने ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. ज्या होलमध्ये तो जायचा, त्याचा व्यास १०८ मिलिमीटर असतो. खेळाडूला पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब बाळगता येतात. चेंडू स्थिर असतो, प्रतिस्पर्धी अडवायला येत नाही आणि वेळेचे बंधनही अन्य खेळांइतके कडक नसते. पाहणाऱ्याला त्यामुळे खेळ सोपा वाटतो. प्रत्यक्षात क्लबचे टोक वर्तुळाकार मार्गाने अतिशय वेगात खाली येते आणि चेंडूशी त्याचा संपर्क एका सेकंदाच्या जेमतेम दोन-हजाराव्या भागापुरता टिकतो. एवढ्या अल्प क्षणात पात्याचा रोख दोन-तीन अंशांनी चुकला, तरी लांबच्या फटक्यात चेंडू मैदानाबाहेर जाऊ शकतो.

नवशिक्या खेळाडूची सर्वांत सामान्य चूक म्हणजे चेंडू हवेत जावा म्हणून त्याला खालून उचलण्याचा प्रयत्न करणे. वस्तुतः चेंडू वर नेण्याचे काम क्लबच्या पात्याला दिलेला उतार करत असतो. आयर्न प्रकारच्या क्लबने जमिनीवरील चेंडू मारताना क्लब खाली येत असतानाच आधी चेंडूला आणि त्यानंतर गवताला लागावा लागतो. उचलण्याच्या प्रयत्नात क्लब एक तर चेंडूमागच्या जमिनीत रुततो किंवा चेंडूच्या डोक्यावर घासून जातो. चेंडू कोणत्या दिशेने निघेल हे मुख्यतः पात्याच्या रोखावर ठरते, तर तो हवेत किती वळेल हे क्लबचा मार्ग आणि पात्याचा रोख यांतील फरकावर अवलंबून असते. एवढे दोन नियम नीट समजलेला खेळाडू आपला फटका का चुकला याचे निदान स्वतः करू शकतो. ज्याला ते ठाऊक नसतात, तो प्रत्येक चुकीनंतर वेगळा उपाय करत राहतो.

कौशल्य अंगी बाणण्याची प्रक्रिया तीन टप्प्यांत होते, असे पॉल फिट्स आणि मायकेल पॉस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये मांडले. पहिल्या टप्प्यात खेळाडू प्रत्येक हालचाल विचारपूर्वक करतो. दुसऱ्यात हालचाली एकमेकींशी जुळू लागतात आणि चुका कमी होतात. तिसऱ्या टप्प्यात कृती जवळजवळ आपोआप घडते. सायकल शिकणारा मूल सुरुवातीला हँडल, पेडल, ब्रेक यांचा स्वतंत्र विचार करते आणि वर्षभराने बोलता बोलता सायकल चालवते, तसेच हे आहे. हौशी गोल्फपटूची अडचण दुसऱ्या टप्प्यावर होते. तेथे तो दीर्घकाळ रेंगाळतो, कारण त्याचा सराव त्याला पुढे नेणारा नसतो.

सरावात जमते, मैदानावर का फसते?

सरावाच्या जागी एकाच क्लबने, एकाच दिशेला, लागोपाठ ५० चेंडू मारणे ही बहुतेक हौशी खेळाडूंची रीत असते. दहाव्या-पंधराव्या चेंडूनंतर फटका छान बसू लागतो आणि 'आता जमले' असे वाटते. दुसऱ्या दिवशी मैदानावर तोच फटका बिघडतो. यातून खेळाडू निष्कर्ष काढतो की, आपल्याला दडपण पेलवत नाही. पुष्कळदा कारण वेगळे असते.

जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन या संशोधकांनी १९७९ मध्ये केलेल्या प्रयोगात एका गटाने एकच हालचाल सलग पुनःपुन्हा केली, तर दुसऱ्या गटाने वेगवेगळ्या हालचाली मिसळून केल्या. सराव चालू असताना पहिला गट सरस ठरला. काही काळाने पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा मात्र मिसळून सराव केलेल्या गटाची कामगिरी चांगली होती. सलग सरावात मेंदूला प्रत्येक वेळी नव्याने आखणी करावी लागत नाही. आधीच्या फटक्याची उजळणी तेवढी होते. मैदानावर मात्र एक फटका ड्रायव्हरने, पुढचा काही मिनिटांनंतर आयर्नने, त्यापुढचा बंकरमधून आणि मग पटरने, असा क्रम असतो. कोणताही फटका दुसऱ्यांदा मारायला मिळत नाही.

म्हणून मर्यादित वेळ असलेल्या खेळाडूने सरावाचा मोठा भाग प्रत्यक्ष खेळासारखा करावा, यावर अनेक प्रशिक्षक भर देतात. प्रत्येक चेंडूला क्लब बदलावा, लक्ष्य बदलावे, चेंडूमागे उभे राहून दिशा ठरवावी आणि मगच फटका मारावा. ओळखीच्या मैदानाचे होल डोळ्यांसमोर आणून सरावाच्या जागीच संपूर्ण फेरी 'खेळणे' ही याचीच एक पद्धत. अशा सरावात चेंडू कमी मारले जातात आणि चुकाही अधिक दिसतात. त्यामुळे तो मनाला कमी सुखावतो, परंतु शिकलेले अधिक टिकते. तंत्रातील नवा बदल आत्मसात करताना सलग सरावाला अर्थातच स्थान आहे. तो सरावाचा आरंभ असावा, संपूर्ण सराव नव्हे.

लक्ष कोठे द्यावे, यालाही महत्त्व आहे. गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये नवशिक्यांना आखूड अंतराचा फटका शिकवताना एका गटाला हातांच्या हालचालीकडे आणि दुसऱ्या गटाला क्लबच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितले. क्लबकडे लक्ष देणाऱ्यांचे फटके अधिक अचूक ठरले. कोपर, मनगट आणि खांदा यांच्याविषयी एकाच वेळी चार सूचना डोक्यात घेऊन उभा राहिलेला खेळाडू का गडबडतो, याचे काहीसे उत्तर त्यात सापडते.

फटके नेमके वाया कोठे जातात?

गोल्फमध्ये पटिंगलाच सर्वाधिक महत्त्व असते, असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी हजारो फटक्यांच्या नोंदींचे विश्लेषण करून तो तपासला. प्रत्येक फटक्याने खेळाडू सरासरीच्या तुलनेत किती पुढे किंवा मागे गेला, हे मोजण्याची त्यांची पद्धत अमेरिकेच्या पीजीए टूरने २०११ पासून पटिंगसाठी आणि नंतर इतर फटक्यांसाठी स्वीकारली. ब्रॉडी यांच्या २०१४ मधील पुस्तकातील प्रमुख निष्कर्ष असा की, चांगला आणि सामान्य खेळाडू यांच्या धावसंख्येतील फरकापैकी सुमारे दोन-तृतीयांश वाटा १०० यार्डांहून अधिक अंतरावरील फटक्यांचा असतो. उरलेला एक-तृतीयांश वाटा जवळच्या फटक्यांचा आणि पटिंगचा.

याचा अर्थ चेंडू अधिक जोराने मारावा, असा घेणे घातक ठरते. हौशी खेळाडूचे सर्वाधिक नुकसान हरवलेला चेंडू, पाण्यात गेलेला चेंडू आणि झाडीतून अशक्य फटका मारण्याचा हट्ट यांमुळे होते. चेंडू शोधण्यासाठी नियमानुसार फक्त तीन मिनिटे मिळतात. तो सापडला नाही, तर एका फटक्याचा दंड सोसून आधीच्या जागेवरून पुन्हा मारावे लागते. शंभर फटक्यांत फेरी संपवणाऱ्या खेळाडूने अशा तीन चुका टाळल्या, तर तंत्रात काडीचाही बदल न करता त्याची संख्या पाच-सहा फटक्यांनी कमी होऊ शकते.

येथे हूटगळ्ळीच्या कारखान्यांतील रोजच्या कामाचे उदाहरण समर्पक ठरावे. लेथवर भाग घडवणारा कारागीर एका उत्तम नगावरून यंत्राची परीक्षा करत नाही. लागोपाठच्या नगांच्या मापांत किती फरक पडतो, हे तो पाहतो आणि त्यावरून यंत्र कुठपर्यंत भरवशाचे आहे ते ठरवतो. गोल्फपटू मात्र बहुधा उलट वागतो. एखाद्या दिवशी सात नंबरच्या आयर्नने १५० यार्ड गेलेला फटका तो आपले 'माप' मानतो आणि दहापैकी सात फटके १३५ यार्डांवर थांबतात हे विसरतो. मग ग्रीनच्या पुढ्यातील बंकरमध्ये चेंडू वारंवार का पडतो, याचे त्याला आश्चर्य वाटते. आपल्या प्रत्येक क्लबचा सरासरी पल्ला आणि डावी-उजवीकडे होणारा प्रसार ज्याने मोजला आहे, तो त्या प्रसाराच्या मध्यावर लक्ष्य ठेवतो. बरा फटका ग्रीनवर जातो आणि चुकलेला फटकाही खेळता येण्याजोग्या जागी राहतो.

प्रामाणिक आकडा

हौशी गोल्फपटूची प्रगती मोजण्याचे साधन म्हणजे हँडिकॅप. २०२० पासून जगभरात एकच हँडिकॅप पद्धत लागू झाली. तिच्यानुसार कमाल मर्यादा ५४ असून एकूण ५४ होलच्या, म्हणजे १८ होलच्या तीन फेऱ्यांच्या नोंदी दिल्यावर पहिला हँडिकॅप मिळतो. पुढे अलीकडच्या २० फेऱ्यांपैकी सर्वोत्तम आठ फेऱ्यांची सरासरी धरली जाते.

मैदाने सारखीच कठीण नसतात, म्हणून प्रत्येक फेरीची संख्या मैदानाच्या काठिण्याशी ताडून पाहिली जाते. उदाहरणार्थ, मैदानाचे मानांकन ७१.२ आणि उताराचा निर्देशांक १२५ असेल, तर ९५ फटक्यांत फेरी पूर्ण करणाऱ्याचा हिशेब असा : ९५ मधून ७१.२ वजा केले की २३.८ उरतात. त्याला ११३ या प्रमाण निर्देशांकाने गुणून १२५ ने भागले की उत्तर येते २१.५. एखाद्या होलवर अनर्थ घडला तरी हिशेबात धरल्या जाणाऱ्या फटक्यांना मर्यादा असते, त्यामुळे एका वाईट होलमुळे संपूर्ण नोंद बिघडत नाही.

या पद्धतीचा सारा डोलारा खेळाडूच्या प्रामाणिकपणावर उभा आहे. मित्रांच्या फेरीत 'हा पट दिला' म्हणून चेंडू उचलणे, पहिला फटका बिघडला की दुसरा मारून घेणे, गवतात चेंडू हलकेच सरकवणे, अशा सवलती सर्रास घेतल्या जातात. मैत्रीपूर्ण खेळात त्यांना कोणी आक्षेप घेत नाही. मात्र त्यांतून तयार होणारा आकडा खोटा असतो आणि त्या आकड्यावर आधारलेला आत्मविश्वास पहिल्याच स्पर्धेत कोसळतो. तीन फुटांचा पट होलमध्ये घालण्याची वेळच ज्याने स्वतःवर कधी येऊ दिली नाही, त्याचा हात स्पर्धेत तेथेच थरथरतो.

आत्मविश्वास म्हणजे अचूक अपेक्षा

माणसाला स्वतःच्या क्षमतेविषयी वाटणारा भरवसा मुख्यतः त्याने आधी प्रत्यक्ष पार पाडलेल्या कामांतून निर्माण होतो, हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या सिद्धांताचे सार आहे. गोल्फमध्ये त्याला आणखी एक बाजू आहे. अपेक्षा चुकीची असेल, तर चांगला खेळही अपयश वाटतो.

आठ फुटांवरील पट हुकला की हौशी खेळाडू हताश होतो. प्रत्यक्षात ब्रॉडी यांच्या आकडेवारीनुसार अमेरिकेच्या पीजीए टूरवरील जगातले अव्वल खेळाडूही या अंतरावरून साधारण निम्मेच पट यशस्वी करतात. सरासरी ९० फटक्यांत फेरी संपवणाऱ्या खेळाडूला तीच निम्मी शक्यता सुमारे पाच फुटांवर असते. वीस फुटांवरून व्यावसायिकांचेही सातपैकी सहा प्रयत्न हुकतात. हे ज्याला माहीत आहे, त्याच्या लेखी हुकलेला लांबचा पट ही सामान्य घटना ठरते आणि पुढच्या फटक्यावर तिची सावली पडत नाही.

दडपण कोणालाही चुकत नाही. दक्षिण कोरियातील इंचॉन येथे २०१५ च्या प्रेसिडेंट्स कपमध्ये खेळणारे अनिर्बान लाहिरी हे या स्पर्धेतील पहिले भारतीय. अखेरच्या दिवशी अखेरच्या होलवर क्रिस कर्क यांच्याविरुद्ध त्यांचा सुमारे चार फुटांचा पट हुकला. अमेरिकेने ती लढत १५.५ विरुद्ध १४.५ अशी, केवळ एका गुणाने जिंकली. एवढ्या जाहीर अपयशानंतरही लाहिरी सर्वोच्च पातळीवर खेळत राहिले आणि २०२२ मध्ये प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये कॅमेरॉन स्मिथ यांच्या मागे अवघ्या एका फटक्याने दुसरे आले. आत्मविश्वास असलेल्या खेळाडूचेही पट हुकतात. मात्र एका हुकलेल्या पटावरून तो आपली योग्यता ठरवत नाही.

दडपणाखाली नेमके काय बिघडते, याविषयी सायन बायलॉक आणि सहकाऱ्यांचे पटिंगवरील प्रयोग उद्बोधक आहेत. नवशिक्यांना हालचालीकडे टप्प्याटप्प्याने लक्ष दिल्याने लाभ होतो, तर पारंगत खेळाडूंचा खेळ त्याच कारणाने बिघडतो, असे त्यांत दिसून आले. अंगवळणी पडलेली कृती भीतीपोटी पुन्हा तुकड्या-तुकड्यांत तपासू लागले की तिची लय तुटते. फटक्यापूर्वीचा ठरावीक क्रम यावर उपयोगी पडतो. चेंडूमागे उभे राहून लक्ष्य निवडणे, एकदा क्लब हलवून पाहणे, एक श्वास घेणे आणि फटका मारणे, हा क्रम प्रत्येक वेळी सारखा असला की मनाला भटकायला फार जागा उरत नाही. जोन विकर्स यांनी १९९२ मध्ये दाखवले की, सरस पटिंग करणारे खेळाडू फटक्यापूर्वी चेंडूवर नजर अधिक काळ स्थिर ठेवतात आणि ती कमी वेळा हलवतात. ही सवय सरावाने लावता येते.

आपल्या बलस्थानांची नेमकी जाण किती दूर नेऊ शकते, याचे उदाहरण बंगळूरच्या अदिती अशोक यांचे आहे. लांब पल्ल्याच्या फटक्यांत अनेक प्रतिस्पर्ध्यांपेक्षा मागे असूनही टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यांनी चौथे स्थान मिळवले. कांस्यपदक एका फटक्याने हुकले. ग्रीनच्या आसपासचा अचूक खेळ आणि पटिंग यांच्या बळावर त्यांनी ही मजल मारली. ताकदीत आपण कमी पडतो हे ठाऊक असताना इतरांच्या अंतराशी स्पर्धा करण्याचा मोह त्यांनी टाळला.

उशिरा सुरुवात करणाऱ्यांचे काय?

लाहिरी यांनी लष्करात डॉक्टर असलेल्या वडिलांकडून आठव्या वर्षी, तर अदिती यांनी पाचव्या वर्षी गोल्फचे धडे घेण्यास सुरुवात केली. नोकरी लागल्यावर क्लब हाती घेणाऱ्यांना ही संधी मिळालेली नसते. त्यांच्यासाठी अमेरिकेतील पोर्टलंडचे छायाचित्रकार डॅन मॅकलॉलिन यांचा प्रयोग विचार करायला लावणारा आहे. गोल्फचा जवळजवळ काहीही अनुभव नसताना २०१० मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली आणि १०,००० तास शिस्तबद्ध सराव करण्याचा संकल्प केला. त्यांनी प्रारंभ होलपासून अगदी जवळच्या पटपासून केला, अनेक महिने केवळ पटरच वापरला आणि मग क्रमाने होलपासून दूर जात एकेक क्लब हाती घेतला. त्यांचा हँडिकॅप २.६ पर्यंत उतरला. बहुतेक हौशी खेळाडू आयुष्यभर या आकड्यापर्यंत पोहोचत नाहीत. मात्र पाठीच्या दुखापतीमुळे त्यांना संकल्प अपुरा सोडावा लागला आणि व्यावसायिक होण्याचे स्वप्न साकार झाले नाही.

या प्रयोगातून दोन्ही बाजू दिसतात. प्रौढ वयातही पद्धतशीर सरावाने उच्च दर्जा गाठता येतो, हे एक. शरीराची मर्यादा असते आणि केवळ तासांची बेरीज यशाची हमी देत नाही, हे दुसरे. दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्याने पाठ, कंबर आणि खांद्यांच्या व्यायामाकडे दुर्लक्ष करून चेंडूंची संख्या वाढवणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

संधीचा प्रश्न

गोल्फमधील प्रावीण्याची चर्चा खर्च आणि प्रवेश यांना वगळून पूर्ण होत नाही. क्लबचे सदस्यत्व, साहित्य आणि प्रशिक्षण यांचा खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात बसणारा नाही. तरीही भारतातील काही उत्तम खेळाडू मैदानाच्या कुंपणापलीकडून आले आहेत. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे अली शेर हे दिल्ली गोल्फ क्लबमध्ये कॅडी होते. ही स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक. म्हैसूर रस्त्यावरील बिडदीजवळच्या ईगलटन मैदानावर मजुरी करणाऱ्या कुटुंबातील एस. चिक्करंगप्पा तेथेच खेळ शिकले आणि व्यावसायिक दौऱ्यावर अनेक विजेतेपदांचे मानकरी ठरले.

कॅडी म्हणून वाढलेल्या खेळाडूंना औपचारिक शिक्षण उशिरा मिळते, परंतु इतरांचे हजारो फटके जवळून पाहण्याची संधी मिळते. कोणत्या जागेवरून कोणता क्लब निवडावा, ग्रीनचा उतार कोणत्या बाजूला आहे, खेळाडू कोठे चुकतो, हे त्यांना रोजच्या कामातून उमगते. म्हणूनच अनुभवी कॅडीचा सल्ला हा हौशी खेळाडूला मैदानावर मिळणारा सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा धडा असतो. अनेक खेळाडू मात्र कॅडीला केवळ पिशवी वाहणारा समजतात.

मर्यादित वेळात काय करता येईल?

आठवड्यातून एक फेरी आणि दोन-तीन तासांचा सराव, एवढा वेळ असलेल्या नोकरदार खेळाडूसाठी या सर्व संशोधनातून काही सरळ गोष्टी निष्पन्न होतात. प्रारंभी जाणकार प्रशिक्षकाकडून पकड, उभे राहण्याची ढब आणि चेंडूची जागा या मूलभूत बाबी पक्क्या करून घ्याव्यात, कारण चुकीची पकड पुढे कितीही सरावाने दुरुस्त होत नाही. प्रत्येक क्लबचा सरासरी पल्ला वहीत लिहून ठेवावा. फेरीनंतर दंडाचे फटके, ग्रीनवर तीनदा पट करावे लागलेले होल आणि ग्रीनपर्यंत पोहोचायला लागलेले फटके, एवढ्या तीन नोंदी कराव्यात. दहा फेऱ्यांनंतर कोणत्या गोष्टीचा सराव करायचा, हे ती वहीच सांगते. तीन ते पाच फुटांचे पट घरातील सतरंजीवरही घटवता येतात.

प्रगतीचा वेगही समजून घ्यायला हवा. शंभराहून नव्वदपर्यंतचा प्रवास मुख्यतः मोठ्या चुका टाळण्याचा असतो आणि तुलनेने लवकर होतो. नव्वदहून ऐंशीपर्यंत जाण्यासाठी लांबच्या फटक्यांत सातत्य लागते. त्याला काही वर्षे लागू शकतात. मधल्या काळात आकडा महिनोन्‌महिने हलत नाही, कधी वरही जातो. हँडिकॅपच्या हिशेबात २० पैकी सर्वोत्तम आठच फेऱ्या धरल्या जात असल्याने उरलेल्या बारा फेऱ्या त्याहून वाईट जाणार, हे त्या पद्धतीनेच गृहीत धरलेले आहे. हे समजलेला खेळाडू वाईट दिवसाने खचत नाही.

पहिल्या टीवर, चार लोक पाहत असताना, ज्याचे हात थरथरत नाहीत त्याला धीट म्हटले जाते. बहुतेक वेळा त्याच्यापाशी धिटाईपेक्षा माहिती अधिक असते. आपला चेंडू साधारण कोठवर जाईल, कोणत्या बाजूला वळेल आणि चुकला तर पुढे काय करायचे, हे त्याने आधी शेकडो वेळा पाहिलेले आणि लिहिलेले असते. ही माहिती मिळवायला उपजत प्रतिभा लागत नाही. हूटगळ्ळीतील कारखान्यातून रविवारी सकाळी चामुंडीच्या पायथ्याकडे निघणाऱ्या नोकरदारालाही ती एक वही, एक पेन्सिल आणि पुरेसा संयम यांच्या बळावर जमवता येते.